आई उपलब्ध नाही

अगं कात्रीबाई, माझ्यावर काय लिहायचं, असं विचारतेस? तुझ्यावर नाही तर कुणावर लिहायचं! आता मध्ये बोलू नकोस.

तर ही जिन्याखाली मशीन मांडून कपडे शिवणारी बाई. सगळे तिला कात्री म्हणतात. धंद्यामुळे कमी, जिभेमुळे जास्त. लेक दिवस भरण्याआधीच झाली, आणि तिची रवानगी अतिदक्षता विभागातल्या काचेच्या पेटीत झाली. कात्रीला एकच ध्यास: पोरीला एकदा छातीशी धरायचं. त्यासाठी तिनं पुढून उघडणारा सैल झगाही शिवून ठेवला.

हॉस्पिटलनं आईबापांना धीर यावा म्हणून फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. रोज सकाळी ते विचारी, ‘आज कसं वाटतंय?’ आणि चेहऱ्यांची रांग पुढे करी.

“रडका आहे, हसरा आहे. चिडलेला कुठाय?”

“तो घरात आहेच की,” नवरा म्हणाला.

बाळाला कधी घ्यायचं तेही ॲपच कळवणार होतं. गोम एवढीच, की जंतू नकोत म्हणून विभागात शिरताना फोन बाहेरच्या कपाटात ठेवावा लागे. म्हणजे निरोप कपाटाला, आणि आई पेटीशेजारी स्टुलावर!

एका दुपारी सिस्टर टॅबलेटवर बोट फिरवत म्हणाली, “ताई, तुमची आजची वेळ गेली. मेसेज पाठवला, उत्तर नाही. ‘आई उपलब्ध नाही’ अशी नोंद झाली.”

“कुठून पाठवलात?”

“इथूनच.”

“मग हाक मारायला काय झालं होतं? मी काय परगावी होते?”

“सिस्टीमच तशी आहे हो.”

“सिस्टीमला दूध येतं का?”

सिस्टरनं हसू दाबलं. कात्रीनं झग्याचे बंद सोडले, खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. “झाले उपलब्ध. आता बोलवा मोठ्या डॉक्टरांना.”

मोठे डॉक्टर आले. त्यांनी आधी टॅबलेट पाहिला, मग पेटीवरचे आकडे, आणि सवड झाल्यावर बाई. “श्वास ठीक आहे ना? मग द्या की.”

सिस्टरनं नळ्या सांभाळत लेक छातीवर ठेवली. कात्रीनं झग्याच्या दोन्ही बाजू तिच्यावर ओढून घेतल्या.

बाहेर येऊन फोन पाहिला, तर ॲपनं फूल धाडलं होतं: ‘आज तुमची भेट चुकली. खचू नका.’

पोर आता जिने उतरताना मजले हादरवते. हॉस्पिटलच्या दप्तरी तू मात्र अजून बेपत्ता. ती नोंद खोडून घ्यायला दोघींनी जायचं, तू भांडायचं, मी अर्ज लिहायचा, असं ठरलं होतं ना गं? कधी तुझी गिऱ्हाइकं, कधी माझे गुडघे. गेलो नाही ते नाहीच.