गावावरून ओढलेलं जाळं

आमच्या शहापूरला समुद्र नाही. तरी मी समुद्रातल्या ट्रॉलरच्या जाळ्यांचे सेन्सर बांधायचो, असं म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "ते कसं काय, नाना?" मग एक किस्सा सांगावा लागतो. कुंपणातली एक काटेरी फांदी ओढली की तिच्यामागून दुसरी येते, तसं होतं मग. चहा गार होतो.

तेव्हा मोबाइल कुणाकडं नव्हते. वाशिंदला एक छोटा कारखाना होता, तिथं हे सेन्सर दुरुस्तीला यायचे. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. सोललेल्या नारळापेक्षा जरा मोठा. एक डबा जाळ्याच्या तोंडावर बांधायचा, तो तोंड किती उघडलंय ते सांगतो. दुसरा शेपटीवर, तो जाळं भरलं की सांगतो. पाण्यातून आवाज येतो आणि होडीतल्या पडद्यावर आकडा उमटतो. दुरुस्त झालेले डबे परत धाडायच्या आधी आम्ही धरणात लहान जाळं ओढून तपासायचो. कारखान्याचे साने साहेब पडद्यापाशी, मुरबाडचा यशवंत विंचवर, म्हणजे जाळ्याचा दोर गुंडाळायच्या रहाटावर, किसन सुकाणूवर आणि बांधाबांधीला मी. नदीत पाग टाकण्यात माझा जन्म गेला, म्हणून मला घेतलं.

कारखान्याच्या शेठनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जाळं गमावलं किंवा डबा हरवला, की धरणातलं काम बंद. आम्हाला थोडी तरी शेती होती. किसनची सगळी शेती त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलेली. हे काम गेलं तर त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं.

*

पहिल्याच फेरीला साहेबांच्या कपाळाला घाम फुटला. जाळ्याचं तोंड दोन माणसं उंच उघडायला हवं, आणि पडद्यावर ते ताडाएवढं! साहेब म्हणाले, दोर तुटला, जाळं फाटलं. किसनचा चेहरा उतरला.

यशवंतनं जीव मुठीत धरून विंच फिरवली. जाळं आलं, अगदी धड. डबा तेवढा उताणा. आमच्याकडं कुठलंही भांडं ठेवायचं म्हणजे तोंड वर. तसाच मी तोही बांधलेला. खालचा तळ मोजायचं सोडून तो वरचं पाणी मोजत होता.

"नाना, त्याला पालथा झोपवा," यशवंत म्हणाला. "आभाळाला पट्टी लावून बसलाय."

*

शेपटीवरच्या डब्याचं निराळं. त्याची दोरी जाळ्याच्या दोन डोळ्यांना, म्हणजे विणीतल्या भोकांना, बांधतात. मासे भरले की डोळे ताणतात, दोरी ओढली जाते आणि डबा बोलतो. म्हणजे दोरीत ढील ठेवायला हवी.

मी बांधली भाताच्या भाऱ्यासारखी. गुडघा लावून, आवळून.

जाळं पाण्यात पडलं न पडलं तोच डबा बोलला, भरलं! साहेब ओरडले, लवकर उचला, भारानं फाटेल. आम्ही तिघं दोराला लटकलो. हाताची सालं निघाली. जाळं वर आलं, तर आत एक खेकडा.

यशवंतनं त्याला उचलून नीट बघितलं. "आकडा सरकारी दिसतोय," म्हणाला.

तेव्हापासून मी दोरीखाली दोन बोटं घालून गाठ मारायला लागलो.

*

मग एकदा डबा खरंच गेला. त्याला तरंगतं कवच होतं, गाठ सुटली आणि गेला वाहत. संध्याकाळपर्यंत काठ धुंडाळला. साहेब म्हणाले, उद्या दुपारपर्यंत थांबतो, मग वाशिंदला फोन करावाच लागेल. किसन त्या दिवशी भाकरीचं फडकं न सोडताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. साहेब उठणार तोच पडदा जागा झाला. डबा पाण्यात गेला की आपोआप चालू होतो. खोली दाखवत होता एक हात. मग बंद. मग परत एक हात. आम्ही आवाजाच्या मागानं होडी नेली. एका खाचेत म्हशी बसल्या होत्या. एकीच्या गळ्यात आमचा डबा. ती मान बुडवायची तेव्हा आकडा यायचा.

धनी म्हातारा काठावर बिडी ओढत होता. किसननं हात जोडूनच डबा मागितला.

"न्या की," म्हातारा म्हणाला. "पन बदली लोढणं द्या. लय पळते ती."

यशवंतनं होडीतलं वल्हं काढून दिलं.

*

किसन होडी चालवायचा ती पाण्याकडं बघून नाही. पाटलाचं खळं, मग विहीर, मग उजव्या अंगाला वळायचं, असं स्वतःशी पुटपुटत. एकदा सरळ ओढीत पडद्यावरचा आकडा एकदम खाली आला आणि परत वर गेला. जाळं कशावरून तरी निसटून गेलं होतं. साहेबांनी विचारलं, काय होतं रे ते?

"जोतं."

"कुणाचं?"

"आमचंच," किसन म्हणाला, आणि वळण घेतलं.

*

मे महिन्यात पाणी बरंच उतरलं होतं. शेपटीवरचा डबा बोलला, भरलं. या खेपेला दोरी मी दोन बोटं सोडूनच बांधली होती, म्हणून साहेब खूश. पण होडी जागीच थांबली आणि मागून दबायला लागली. यशवंतनं विंच लावली, ती कण्हायला लागली. मागच्या काठावरून पाणी आत आलं. मी बादलीनं उपसत होतो.

शेपटी कशीबशी पाण्याच्या वर आली. आत दगड होता, चपटा, कमरेएवढा. चिखल ओघळला तसे त्यावर कोरलेले सूर्य-चंद्र दिसले, आणि त्यांच्या खाली वाघ.

किसनच्या गावचा वाघोबा. गाव उठलं तेव्हा माणसं, गुरं, घरांची लाकडं सगळं सिद्धगडाच्या बाजूला नेलं होतं. वाघोबाला कौल लावला, परत परत लावला, त्यानं येतो म्हणून सांगितलं नाही. कौल न देणाऱ्या देवाला हलवत नाहीत. तो राहिला आणि त्याच्यावर पाणी चढलं.

होडीत घेतला असता तर होडी गेली असती. साहेब वाईट माणूस नव्हते. हळूच म्हणाले, "नाना, शेपटीची गाठ सोडा. दगड जाईल खाली, जाळं वाचेल."

ती गाठ तशीच असते, एक टोक ओढलं की सगळी सुटते. न सोडता तसाच काठाला न्यायचा, तर उथळात सगळे तोडलेल्या झाडांचे खुंट. जाळ्याच्या चिंध्या होणार, हे चौघांनाही दिसत होतं. टोक माझ्या हातात. मी किसनकडं बघितलं.

किसननं सुकाणू सोडलं नाही. पायानंच एक चप्पल काढली, मग दुसरी. होडीचं तोंड काठाकडं वळवलं.

"किसन," साहेब म्हणाले, "उद्यापासून काम नसेल रे."

तो मागं वाकला, जाळ्यापाशी तोंड नेलं, आणि एसटीतून उतरलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलला,

"आलास? चल. नवं घर नाय बघितलंस तू."