ज्ञानदेवतात्यांचा हिरवा शिक्का

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ज्ञानदेवतात्या तीस वर्षं तयार माल तपासतात. त्यांचा हिरवा शिक्का बसल्याशिवाय एकही नग बाहेर जात नाही. अशा माणसाच्या लिव्हरमध्ये हेपॅटायटिस सी निघाला.

भाची अंजली लॅबमध्ये कामाला. तिनं समजावलं, "मामा, हा विषाणू स्वतःच्या नकला काढत सुटतो, पण एकही तपासून बघत नाही. प्रत्येक नक्कल थोडी वेगळी निघते, म्हणून शरीराला तो ओळखू येत नाही."

"न तपासता माल काढतो व्हय?" तात्यांना आजारापेक्षा याचाच संताप आला.

"म्हणून तर ही गोळी. नक्कल जोडताना तो हिच्यातला खोटा तुकडा बसवतो आणि फसतो. त्याच्यापुढं दुसरा तुकडा जोडताच येत नाही."

तात्यांनी बारा आठवडे एकही गोळी चुकवली नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. विषाणू आढळला नाही.

तात्या भडकले. "आढळला न्हाई म्हंजे? शोधणाऱ्यानं आळस केला असंल!"

"टेस्ट मीच लावली होती, मामा. दोनदा."

तात्यांनी चष्मा पुसून रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचला. मग खिशातला शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि अंजलीच्या सहीशेजारी ठॅक्कन उमटवला.