तेवीस जणांची कॉफी

आमच्या गावात कुणाला मुलगी मागायला जायचं म्हणजे पुढे अबू रसमी हवेतच. धंद्याने फरशीवाले, दोन्ही गुडघे कामापायी गेलेले, पण बोलणं असं की नकार ठरवून बसलेला बापही विरघळायचा. आता ते नाहीत. हल्लीचे लोक मागणीचं भाषण मोबाईलवर बघून वाचतात. मला ते ऐकवत नाही.

माझ्या वेळी प्रकरण अगदी निकरावर आलं होतं. मला जिच्याशी लग्न करायचं होतं त्या सुहैरचं गाव टेकडीपलीकडे आणि मध्ये सैनिकांची चौकी. दोनदा शुक्रवार ठरला, दोनदा चौकी बंद. तिचे वडील अबू दाऊद मुळात तापट. त्यांनी फोनवर सुनावलं, "दोनदा खुर्च्या मांडून गावात हसं करून घेतलं मी. या शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजापर्यंत आलात तर आलात, नाहीतर विषय संपला."

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी दहालाच निघालो. तेवीस पुरुष, पाच गाड्या, आणि कडक इस्त्रीच्या शर्टात घामाने निथळणारा मी. दोन वाजले तरी रांग जागची हलेना. शेवटी सैनिक म्हणाला, एक म्हातारा जाऊ शकतो, पायी.

"काका, एकट्याने मागणी? त्यांना अपमान वाटेल," मी म्हणालो.

"गप रे वजदी. लग्न तुझं आहे, तोंड माझं आहे."

त्यांनी झडतीसाठी पट्टा काढून दाखवला, आणि एका हाताने विजार सावरत ते चौकीच्या फिरत्या लोखंडी गजांच्या दारातून पलीकडे गेले. सणासुदीचा कोट घातलेला तो माणूस तसा चालताना बघून मला रडू आवरेना.

पुढचं सुहैरने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. असरच्या थोडं आधी अबू रसमी धापा टाकत आले, रिकाम्या खुर्च्यांकडे वळले आणि एकेका खुर्चीवर हात ठेवून नावं घेऊ लागले. "हे हाज्ज मुनीब. हे वजदीचे वडील. सगळे आलेत, फक्त चौकीवर अडकलेत." मग बसले. तेवीस कप भरले गेले. होकार मिळेपर्यंत प्यायची नाही या रीतीप्रमाणे त्यांनी आपला कप तसाच समोर ठेवला आणि मुलगी मागितली.

अबू दाऊदनी भरलेल्या तेवीस कपांवरून एकदा नजर फिरवली.

"प्या कॉफी," ते म्हणाले. "दिली."

अबू रसमी प्यायले. मग शेजारचा कप उचलला, मग त्याच्या शेजारचा. मागणीची कॉफी तशीच राहिली तर नकार समजतात, आणि एकाही कपाने नकार द्यावा हे त्यांना चालणार नव्हतं. आठवा संपवून त्यांनी नववा उचलला.

"मराल, अबू रसमी!" असं म्हणत अबू दाऊद उठले, माझ्या वडिलांच्या खुर्चीत बसले आणि त्यांचा कप पिऊन टाकला. मग त्यांचे भाऊ, पुतणे, मुलीकडचे सगळे आमच्या खुर्च्यांत बसले.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ऊन उतरायला लागलं तेव्हा चौकीच्या तारेच्या कुंपणापलीकडे अबू रसमी दिसले. रांगेतल्या सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल असे ते ओरडले, "प्यायलो रे! तुमच्या वाटचीही प्यायलो!"

माझे वडील रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले आणि शेजारच्या अनोळखी ड्रायव्हरला म्हणाले, "आम्ही पोचलो."