मावशीने उलटलेलं पान

पक्षाघातानंतर मावशीचा उजवा हात दीड महिना निपचित पडून होता. वर्तमानपत्राचा तिला कंटाळा आला होता, म्हणून काल दुपारी मी माझ्या लेकीचं कॉमिक तिच्या मांडीवर उघडून ठेवलं. त्यातली नायिका नुसतं बोट उचलते आणि डोंगर बाजूला सरकतात, आटलेली नदी वाहू लागते.

"बोटाने डोंगर हलवते म्हणे," मावशी जड जिभेने म्हणाली. "माझं बोट हलवून दाखव म्हणावं तिला."

मी हसले आणि पान उलटायला हात पुढे केला.

"थांब."

पानाशेजारी पडलेली तिची तर्जनी थरथरली. कागदाच्या कडेवरून घसरली, पुन्हा वर आली. तिच्या कपाळावर घाम जमला होता. मग ते पान उठलं, क्षणभर उभं राहिलं आणि पलीकडे पडलं.

डोंगर हलवायला चित्रकाराची एक रेघ पुरते. या पानाला अख्खी मावशी लागली होती.

मला रडूच फुटलं. "मावशी, अगं हललं!"

"कळलं मला," ती म्हणाली. "आता उजेडातून बाजूला हो, वाचू दे."