माझं इंजिन, सुधाकरचं नाव

भिंतीवर माझं चित्र होतं आणि त्याच्याखाली सुधाकरचं नाव. हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. ठळक. उर्दूत.

निजामाचं राज्य होतं. मी तिसरीत. मांगवाड्यातून शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच. माझी जागा दाराबाहेर, ओसरीवर. तिथून फळा अर्धाच दिसायचा. चित्रकलेचा तास नवा सुरू झाला होता. आतल्या पोरांना रंगाच्या वड्या मिळायच्या. मी घरून चुलीतला कोळसा न्यायची.

माझा बाप चुडाव्याच्या स्टेशनात झाडू मारायचा. त्याच्यासंगं जाऊन मी इंजिन बघितलं होतं. लय वेळा. तेच काढलं. कागद खाली ठेवला, मग चित्रकलेच्या मास्तरांनी तो उचलला. बघत राहिले. मग आत नेऊन भिंतीवर लावला.

परभणीहून इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. इंजिनासमोर थांबले. "किसने बनाया?"

"देशमुखसाब का लडका, सुधाकर," हेडमास्तर म्हणाले.

सुधाकरनं मान खाली घातली.

मी ओसरीवर उठून उभी राहिले. "ते मी काढलंय."

वर्ग हसला. हेडमास्तर हसले नाहीत. "मांगाच्या हातात केरसुणीच शोभते."

साहेब माझ्याकडं वळले. "तो फिर बनाके दिखाओ."

मी उंबऱ्यापाशी गेले. हेडमास्तर आडवे आले. "आत न्हाई. अंगणात काढ. मातीत." एक काडी त्यांनी माझ्यापुढं टाकली.

काडी उचलली. बसले. एक चाक काढलं. पोरं ओसरीवर येऊन वाकून बघायला लागली. माकडाचा खेळ बघावा तशी. माझं अंग तापलं. चांगलं काढलं तर हे शाबास म्हणतील. आणि उद्या मी परत बाहेरच.

चाक पायानं पुसलं.

"मातीत काढणार न्हाई. फळ्यावर काढीन."

"फळा बाटंल," हेडमास्तर म्हणाले.

"बाटू द्या."

साहेबांनी खिशातलं घड्याळ बघितलं. "चलिए," म्हणाले आणि टांग्यात बसले. नंतर मला छड्या बसल्या. त्याचं काही नाही. ते 'चलिए' अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावलं. तो अंगणात हात जोडून उभा.

"पोरीला नाक घासाय लाव. न्हाईतर नाव कमी करतो," हेडमास्तर म्हणाले.

बाप माझ्याकडं वळला. "घास माय. एकडाव."

त्याचे जोडलेले हात मला बघवेनात.

"न्हाई, बा."

नाव कापलं. बाप आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. माझा हात जागेवर राहीना. भिंत, रांजण, दगड, दिसेल त्यावर कोळसा ओढत होते. माय ओरडायची, पुसायची. मी परत काढायची.

नवव्या दिवशी बाप म्हणाला, "पूर्णेला शाळा हाय म्हणत्यात. पर तिथंबी तुला भायेरच बसवतील."

"मी बसणार न्हाई," मी म्हणाले. "सरळ आत जाईन. उठवलं तरी उठणार न्हाई. वढून भायेर काढलं तर दुसऱ्या दिशी परत आत जाईन. ते थकंपस्तोर."