प्रचाराच्या वाटेवर माहेर लागतं तेव्हा

दिवाळी झाली की या ब्लॉगवर एक प्रवास येतो, हे तुम्हाला सवयीचं झालंय. यंदा आला नाही म्हणून तुमचे मेसेज आले. "ताई, कुठं गायब? फोटो नाहीत, काही नाही!" तर मंडळी, यंदाचा प्रवास घरापासून तास-दीड तासाच्या आतला होता. त्याच त्याच रस्त्यांवरून, टपावर भोंगा लावलेल्या गाडीतून, हात जोडून. मी विधानसभेला उभी होते. अपक्ष. हसू नका, आधीच खूप लोक हसून झालेत.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. माझं माहेर खडकवाडी. तिथून लासूर स्टेशनला सकाळी एक एसटी जायची आणि गावातल्या पोरी तिच्यातून कॉलेजला जायच्या. ती बस बंद झाली आणि पोरी एकेक करून घरी बसल्या. मी पडले वकील. अर्ज केले, वर्षानुवर्षं डेपोत खेटे घातले, दरवेळी उत्तर एकच, "उद्या या." शेवटी आमदारसाहेबांच्या कार्यालयात अख्खी दुपार बाकड्यावर बसवून ठेवल्यावर तिथला एक कार्यकर्ता म्हणाला, "मॅडम, इतकी हौस असेल तर स्वतःच उभ्या ऱ्हावा की." मी म्हटलं, "राहते!" रागाच्या भरात लोक भांडी आपटतात, मी उमेदवारीचा अर्ज भरला.

यात एक मोठी अडचण होती. माझा सख्खा मोठा भाऊ, आमचा दादा, हा त्याच आमदारसाहेबांचा खडकवाडीतला माणूस. खतांचं दुकान सांभाळून कित्येक वर्षं त्यांचं बूथ बघतो. मी फोन करून सांगितलं तर म्हणाला, "सुमे, मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नायस तू." आणि फोन ठेवला. त्यानंतर बोलणंच बंद. तेव्हा या सगळ्या प्रवासात आमदारकी मिळणार का, हा प्रश्न बाकीच्यांना पडला होता. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. माहेरचं दार उघडं राहणार का?

आता रस्त्याचं. आम्ही राहतो चिकलठाण्याला, म्हणजे जालना रोडच्या त्या टोकाला, आणि मतदारसंघ शहराच्या या टोकाला. सकाळी सातच्या आत निघालात तर महावीर चौक, छावणी, पडेगाव, मिटमिटा करत माणूस आनंदात बाहेर पडतो. साडेआठला निघालात तर जालना रोडवरच निवडणूक संपते. गाडी आमचीच, जुनी. ड्रायव्हर लवकरच दुसऱ्या उमेदवाराकडं पळाला, तिकडं जेवण चांगलं होतं म्हणे. मग गाडी चालवायला अनिल, माझा नवरा. कंपनीतून रजा काढून आलेला, स्वभावानं गरीब. गावात उतरलं की लोक पहिला हार त्याच्या गळ्यात घालायचे. "साहेब, या साहेब!" तो बिचारा हार काढून माझ्याकडं द्यायचा आणि मग लोक मला विचारायचे, "ताई, साहेब काय बोलणारेत आज?" अहो, उमेदवार मी आहे! बॅनरवर माझा फोटो आहे! पण नाही.

दुसरा छळ चहाचा. मला निशाणी मिळाली कपबशी. बाळूला, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या मुलाला, उड्या माराव्याशा वाटल्या. प्रचाराची सूत्रं त्यानं स्वतःच स्वतःकडं घेतली होती. "आत्या, घराघरात हाये कपबशी! याच्यापेक्षा भारी निशाणी नाय!" खरंय. पण घराघरात असल्यामुळं घराघरात चहा. तोही मुद्दाम बशीत ओतून. "निशाणीचा मान ठेवा ताई," असं म्हणत. साखर अशी की ओठ चिकटावेत. नाही म्हटलं की मत गेलं. तुमच्यापैकी कुणाला कधी उभं राहायचं असेल तर बाई-माणसानं ट्रॅक्टर, बॅट, काहीही घ्यावं, कपबशी घेऊ नये. दुपारी लासूर स्टेशनच्या बाजारात गरम भजी आणि तळलेली मिरची मिळते, तिनं तोंडाची चव परत येते. एका वस्तीवर येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी आणि बाजरीची भाकरी मिळाली, ती अजून आठवते. त्या घरातली म्हातारी मला म्हणाली, "मत साहेबालाच देणारे म्या, पण तू जेव." इतकं स्पष्ट कुणी बोललं की जीव शांत व्हायचा.

आणि तिसरी गोष्ट, ज्यातून पुढचं सगळं घडलं. गावात शिरलं की बायका ताट घेऊन दारात उभ्या असतात. हळद-कुंकू, सुपारी, निरांजन. ओवाळणाऱ्या बाईच्या ताटात काहीतरी घालायचं, ही आपली रीत. आणि आचारसंहितेत ताटात पैसे घातले की गुन्हा दाखल! रिकाम्या हातानं मागं सरावं तर बायकांचं तोंड पडतं. बाळूनं तोडगा काढला. "आत्या, पत्रक टाकत जा. ओवाळणी बी झाली, प्रचार बी झाला." मग माझं हेच सुरू झालं. पत्रकांचा गठ्ठा डाव्या हातात, कुंकू कपाळाला लागलं की उजव्या हातानं एक घडी ताटात. पत्रकावर माझा हसरा फोटो आणि कपबशी. आठवडाभरात असं झालं की हात आपोआप चालायचा. बोलणं एकीशी, बघणं दुसरीकडं आणि पत्रक बरोबर ताटात.

अशात भाऊबीज आली आणि गेली. आमच्याकडं ती त्याच दिवशी झाली पाहिजे असं नाही, तुळशीचं लग्न लागेपर्यंत कधीही चालते. दरवर्षी मीच जाते दादाकडं. यंदा जावं की नाही, या विचारानं मला झोप नव्हती, तर वहिनीचाच फोन आला. "या तुम्ही वन्सं. ह्यांनी पाट मांडाय सांगितलाय." मी फोन ठेवून रडले. बाळू मात्र खूष. त्याची योजना तयार. मोबाइलवर लाइव्ह करायचं आणि सगळ्या गावासमोर मी दादाला म्हणायचं, ओवाळणीत मत घाल. "सख्खा भाऊ बहिणीला नाय कसं म्हणल? पुरं गाव फिरंल आत्या!"

"बाळ्या," मी म्हटलं, "मोबाइल बंद कर, गाडीत बस आणि मी येईपर्यंत उतरलास तर तंगडं मोडीन." गाडीवरचा झेंडा काढला, भोंगा बंद केला. अनिलला म्हटलं, आज मी उमेदवार नाही.

दारात वहिनी उभीच होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं, कुंकू लावून ओवाळलं. मला इतकं भरून आलं होतं की काय बोलले ते आठवत नाही. आत पाट, भोवती रांगोळी. दादा नवा सदरा घालून, डोक्यावर टोपी घालून बसलेला. माझ्याकडं बघेना, पण बसलेला. शेजारपाजारच्या बायका दारातून वाकून बघत होत्या. वहिनीनं तेच ताट माझ्या हातात दिलं. मी दादाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळायला लागले. पहिला फेरा झाला, दुसरा झाला आणि दादाची नजर ताटावर थांबली.

"हे काय ठेवलंस?"

मी बघितलं. निरांजनाच्या शेजारी, सुपारीखाली, मीच. हसरा फोटो आणि कपबशी. दारात वहिनीनं ओवाळलं तेव्हा माझ्या हातानं नेहमीचं काम केलं होतं. झेंडा उतरवला, भोंगा बंद केला, पण पत्रकांचा गठ्ठा पर्समध्ये राहिला होता, आणि मला कळलंसुद्धा नाही.

"दिव्याच्या आडून मत मागतीस व्हय, सुमे?"

"नाही रे दादा! सवयीनं गेलं हातातून, देवाशपथ!"

"भावाला ओवाळताना बी सवय? मग काय ऱ्हायलं?" तो पाटावरून उठला. ओवाळणं अर्धं टाकून कुणी उठतं का? तो उठला. टोपी काढून खुंटीला लावली आणि मागच्या दारानं निघून गेला. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "अवं माय, मीच बघाया पायजे होतं वं." दारातल्या बायका तोपर्यंत पांगल्याही होत्या, बातमी घेऊन.

परतीच्या वाटेवर मी सगळ्यांवर चिडले. बाळूवर, पत्रकं छापणाऱ्यावर, आचारसंहितेवर, खड्ड्यांवर, हळू गाडी चालवणाऱ्या अनिलवर. अनिल एवढंच म्हणाला, "हाताला एवढी सवय लागली, म्हणजे आता घरी जायला पाहिजे." त्याच्यावर जास्तच चिडले, कारण खरं तेच होतं.

दुसऱ्या दिवशीपर्यंत बातमीचे दोन तुकडे झाले होते. साहेबांचे लोक सांगत, बहिणीनं भावाला फसवून मत मागितलं. आमच्याकडचे सांगत, भावानं बहिणीला पाटावरून हाकललं. या दुसऱ्या तुकड्यानं कमाल केली. ज्या गावांत माणसं जमत नव्हती तिथं बायका पदर डोळ्याला लावून येऊ लागल्या. बाळू नाचायचाच बाकी. "आत्या, सहानुभूती आलीया! शेवटच्या सभेत फक्त एकदा बोला. रडला नाय तरी चालंल."

शेवटची सभा लासूर स्टेशनला, बाजाराच्या दिवशी. मी बसचं बोलत होते आणि गर्दीतून एका बाईनं ओरडून विचारलं, "ताई, भावानं हाकलून दिलं म्हणं तुम्हाला?" बाळू खालून हातानं खुणा करत होता, हां, हां, बोला. खरं सांगते, मोह झाला. दादाच्या गावचं, आजूबाजूच्या वस्त्यांचं मत तिथं उभं होतं, फक्त उचलायचं होतं.

"हाकललं नाही," मी म्हटलं. "त्यानं पाट मांडला होता. मीच ताटात माझं पत्रक घेऊन गेले. चूक माझी. माझा भाऊ तुमच्याइतकाच शहाणा आहे, त्याचं मत त्याला देऊ द्या वाटेल तिथं. आता बसचं ऐका." बाळूनं डोकं धरलं. बसचं त्यानंतर कुणी फारसं ऐकलं नाही.

मतदानाच्या दिवशी मला माझंच मत देता आलं नाही, नाव चिकलठाण्याच्या यादीत. निकाल तुम्ही पेपरात वाचला नसेल, कारण मी त्यात खाली कुठंतरी 'इतर'मध्ये होते. साहेब आले निवडून. आम्ही त्या रात्री शहरात झणझणीत मटणाचा नान-कलिया खाल्ला, साखर नसलेलं काहीतरी हवं होतं म्हणून.

तुळशीचं लग्न केव्हाच लागून गेलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात दादा आणि वहिनी. दादाच्या हातात पिशवी, पिशवीत टोपी. चपला काढल्या, पाणी प्याला आणि म्हणाला, "पाट हाये का फ्लॅटात, का खुर्चीवर बसू?"

मी पाट शोधला, ताट केलं. दादा बसायच्या आधी म्हणाला, "आधी ताट दाखव."

मी ताट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यानं नीट वाकून बघितलं. हळद, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. सुपारी उचलून तिच्याखालीही बघितलं. मग टोपी घालून बसला.

"मत दिलं नाय तुला," तो म्हणाला. "साहेबाला शब्द दिला व्हता. खोटं सांगणार नाय."

"माहितीय. हलू नको, कुंकू सांडेल."

"लासूरच्या बाजारात व्हतो म्या. मागं उभा. ऐकलं सगळं." मी ओवाळलं, पूर्ण. वहिनी डोळे पुसत होती आणि अनिल, काही कारण नसताना, सगळ्यांसाठी चहा टाकायला गेला.

"बोल, काय घालू ओवाळणीत?" दादानं विचारलं. पिशवीत साडी होती, मला दिसत होती.

"सकाळची बस," मी म्हटलं. "तुझ्या बूथवर आघाडी मिळाली, तुझे साहेब आले. आता बस चालू करून दे."

"अगं, साडी घे की गुमान! लई महाग मागतीस." पण हात आखडता घेतला नाही. साडी दिली आणि म्हणाला, "बघतो."

तर वाचकहो, या सहलीतून घरी काय आलं? अॅसिडिटी, न वाटलेल्या पत्रकांचा गठ्ठा, आणि ती साडी. कपबशीत चहा मी अजून पीत नाही, मोठ्या मगातून पिते. पुढच्या वेळी उभी राहणार का, असं विचारू नका. जायचंच असेल तर खडकवाडीला जा, रस्ता आता बरा आहे आणि वहिनीच्या हातचं येसर जगात कुठं मिळत नाही. फक्त स्वतःची गाडी न्या.

कारण बस अजून नाही. काल दुपारी दादाचा फोन आला. आवाज चढलेला.

"सुमे, डेपोत आलोय. सकाळधरनं बाकड्यावर बसवलंय मला. मला! म्हणत्यात, उद्या या. साहेब फोन उचलंना झालाय." मग हळू म्हणाला, "इतकी वर्सं कसं काढलंस गं तू हे?"

"चहा पी, दादा," मी म्हटलं. "पण बाकड्यावरनं उठू नकोस. मी निघालेच."