ओल्या पावलाची परीक्षा
शहाबादी फरशीवर पाणी सांडलं की एक गार, मातकट वास येतो आणि मला देगलूरकडचं ते घर आठवतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, धाकटा भाऊ नव्या कचेरीत कारकून लागला होता, म्हणून त्याच्यासाठी पोरी पाहताना मी, मोठी बहीण, मान ताठ करून बसायची. दोन वर्षं पाऊस नव्हता. पोरगी देखणी होती, पण तिच्या चालण्यात मला काहीतरी खटकलं. सपाट पायाची सून घराला बाधते, असं आमच्यात मानायचे. "पाय ओले करून चालू द्या तिला," मी म्हणाले. घरात चहापुरतं तांब्याभर पाणी होतं. तिच्या आईनं तेच तिच्या पायांवर ओतलं. पावलं अख्खीच्या अख्खी उमटली, मधे कोरडी जागा कुठंच नाही. "हिच्याच पायानं गावचं पाणी आटलं असंल," मी हसले. "दोन कोसांवरून घागरी आणती हो लेक माझी," आई म्हणाली. पोरगी खाली बसून पदरानं फरशी पुसू लागली. आम्ही उठलो; चहा तसाही होणार नव्हता. परवा टाच ठणकते म्हणून डॉक्टरनं मला ओल्या पायानं फरशीवर उभं केलं. "तळव्याची कमान बसलीय, मावशी. चपलेत आधाराची गादी घाला, चालणं सोपं होईल," म्हणत त्यानं बाहेर बसलेल्या माझ्या सुनेला हाक मारली. ती आत यायच्या आत मी खाली वाकले आणि फरशीवर उमटलेलं माझं अख्खं पाऊल पदरानं पुसून टाकलं.